पावशेर ज्वारी

रेणुकाची भाकरी एका अंगाला जाड यायला लागली, हे पहिल्यांदा बोलून दाखवलं ते अंबाजींनी. अंबाजी म्हणजे सिटी बसचे निवृत्त कंडक्टर. बायको गेल्यापासून दुपारच्या दोन भाकऱ्या ते रोज रेणुकाकडून नेत. हातात आलेली वस्तू उलटून पाहिल्याशिवाय पिशवीत टाकायची नाही, ही त्यांची नोकरीतली सवय अजून सुटली नव्हती. त्यांनी भाकरी उजेडाकडे धरली, कडेनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाई, राग नका मानू. भाकरी एका अंगाला जाड होऊलाली."

रेणुका खाली मान घालून पीठ मळत राहिली. तव्याशी बसलेली गंगू मात्र बोलली, कारण गप्प बसणं गंगूला शिकवलंच नव्हतं कुणी. "काका, आठ महिने दवाखान्यात काढले बाईनी. हात बसायला टाइम लागत न्हाई क्या?" म्हणाली. अंबाजी ओशाळले आणि पिशवी उचलून चालू लागले.

पण दोष हाताचा नव्हता, जागेचा होता. अंबरपेठेच्या त्या गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या छपराखाली रेणुका अकरा वर्षं रस्त्याकडे तोंड करून भाकरी थापत आली होती. पुढ्यात परात, पलीकडे गंगूचा तवा, आणि समोर येणारे-जाणारे. तेलुगू बाया "अक्का, रेंडु रोट्टेलु" म्हणून दोन भाकऱ्या मागत, वर्कशॉपची पोरं हिंदीत मागत, आणि मराठवाड्यातून आलेली माणसं भाकरी मागण्याआधी गाव विचारत. तिचं थापणं बघूनच गिऱ्हाईक थांबायचं. दवाखान्यातून परत आल्यावर मात्र तिनं आपला पाट फिरवला. आता तिचं डावं अंग भिंतीला लागून असे. थापताना डावं कोपर भिंतीवर आपटे, हात पुरता फिरत नसे, आणि भाकरी एका बाजूला जाडच राही. भिंतीला लावलेल्या त्या अंगाला गेल्या पावसाळ्यापासून काही उरलं नव्हतं.

गाठ लागली होती ती लिंबाएवढी. दुखत नव्हती, म्हणून रेणुकानं चार महिने ती कामाखाली दडपली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी सगळंच काढायला लागेल असं सांगितलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं की हात चालेल ना. हात चालेल, फक्त डावा हात जाळापासून जपायचा, असं त्या म्हणाल्या. उरलेल्या गोष्टीबद्दल रेणुकानं विचारलं नाही, आणि डॉक्टरीणबाईंपुढे मोठी रांग होती.

ऑपरेशननंतर बारा दिवस काखेखाली नळी होती आणि नळीच्या टोकाला प्लास्टिकचा डबा. त्यात साचलेलं लालसर पाणी रोज मोजून टाकायचं असे. ते काम हिम्मतरावांनी केलं. तिचा नवरा कुकटपल्लीच्या एका कारखान्यात मशीनवर होता. बोलण्यात अगदी कंजूष माणूस. लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तर नुसतं नाव घेऊन बसला होता. पण सकाळ-संध्याकाळ डबा उजेडाला धरून तो आकडा वहीत लिही, हात धुई, आणि पुन्हा काही सांडलंय का ते बघे. नळी निघाली त्या दिवशी रेणुकानं दाराला आतून कडी लावून कपडे बदलले. तेव्हापासून ती कडी रोज लागत आली. हिम्मतरावांनी कधी विचारलं नाही. त्यांच्या न विचारण्याचा अर्थ रेणुकानं आपल्या मनानं लावला, आणि तो वाईटच लावला.

मग केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. केस परत आले ते कुरळे, मेंढीच्या कोकरासारखे. लेक दीक्षा म्हणाली की मम्मी, लोक पार्लरला जाऊन असे करून घेतात. कपाटाच्या आरशावर रेणुकानं दोन साड्या आडव्या टाकून ठेवल्या होत्या आणि साड्यांना घडी घालायला वेळ नाही असं ती सांगत असे. न्हाणीत ती वर बघत आंघोळ करी. छताला किती भेगा आहेत ते तिला पाठ झालं होतं, पण आपला व्रण डावीकडून उजवीकडे जातो की वरून खाली, ते तिनं अजून पाहिलं नव्हतं.

या आठ महिन्यांत भाकऱ्या थापल्या त्या सासूनं. सरुबाई बहात्तरीच्या. एका डोळ्यात मोतीबिंदू, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. देगलूरकडच्या शेतांत खुरपून म्हातारी झालेली बाई, पण पाटावर बसली ती बसलीच. रोज पन्नास-साठ भाकऱ्या. दुपारी गंगू तिला काखेत हात घालून उठवी, तेव्हा गुडघ्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येई. मार्चच्या अखेरीला डॉक्टरीणबाईंनी हलक्या कामाला हरकत नाही म्हणून सांगितलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी रेणुका पाटावर जाऊन बसली. सासूचे उपकार तिला सोसेनात, असं नव्हे. सासूचे गुडघे तिला सोसेनात.

पहिले दिवस तिनं ब्लाउजात स्पंजाचा तुकडा घातला. भाकरी थापणं म्हणजे नुसत्या हातांचं काम नव्हे, त्याला खांदा लागतो, छाती लागते, सगळं अंग हलतं. दहाव्या भाकरीपर्यंत स्पंज वर सरकला आणि गळ्याच्या हाडाशी येऊन बसला. समोर उभी असलेली एक बाई बघत राहिली, मग तिनं नजर काढून तव्याकडे लावली, आणि पैसे देताना हळूच आपल्या पदराला हात लावून रेणुकाला खूण केली. खूण मायेचीच होती. पण रेणुकाला वाटलं, धरणी दुभंगावी. पीठ भरल्या हातानं पदर ओढायचा तर साडीवर पांढरे पंजे उमटत होते. त्याच दिवशी तिनं पाट फिरवला.

स्पंजाला वजन नाही, म्हणून तो वर चढतो, हे तिच्या लक्षात आलं. वजनाची वस्तू हवी होती आणि घरात वजनाची वस्तू एकच होती. तिनं जुन्या ब्लाउजाची बाही कापली, गोल पुरचुंडी शिवली आणि तीत ज्वारी भरली. मूठभर घाल, मूठभर काढ, असं करता करता बसली एकदाची. दुकानाच्या तराजूवर कुणी नसताना ठेवून पाहिली तर बरोबर पावशेर. ब्लाउजात घालून तिनं दहा भाकऱ्या थापल्यासारखं नुसतंच हलून पाहिलं. पुरचुंडी जागची हलली नाही. डावा खांदा आठ महिने वर उचललेला असे, तोही खाली आला. रेणुकाला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं, आणि पहिल्यांदाच कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पण सांगणार कुणाला, म्हणून तिनं ते कौतुक पुरचुंडीसारखंच आत खोचून ठेवलं.

आठ दिवस बरे गेले. मग एप्रिल तापला. पत्र्याखाली, तव्याजवळ, घामाच्या धारा. पुरचुंडीला वास यायला लागला. रविवारी दुपारी रेणुकानं ती साबणाच्या पाण्यात खळबळून पिळली आणि न्हाणीतल्या दारामागच्या खिळ्याला परकराखाली टांगली. गच्चीवर दोरी होती, ऊन तर भाजून काढत होतं. पण गच्चीवर चार बिऱ्हाडांचे कपडे वाळत, आणि तिथं ती वस्तू टांगायची म्हणजे दवंडी पिटण्यासारखं. सोमवारी सकाळी तिनं पुरचुंडी दमटच घातली. दुपारी पुन्हा धुतली, पुन्हा परकराखाली. अकरा वर्षं भाकरीवर जगणारी, मटकीला मोड आणण्यात गल्लीत कुणाला हात न धरू देणारी ही बाई. पण माणूस आपलं अंग लपवायला लागलं की पहिली अक्कल लपते.

मंगळवारी तिला छातीशी आंबूस वास आला. बुधवारी टोचायला लागलं. व्रणाच्या जागी ओल, खाज, आणि बारीक बारीक टोचणं, आतून काहीतरी वर येतंय असं. थापता थापता तिचा हात परातीत थांबला. गाठ आली तेव्हा दुखलं नव्हतं, आता तर टोचतंय, म्हणजे परत आलं, आणि जोरानं आलं. तिनं पदराखाली बोटानं चाचपलं. कातडी खरखरीत लागली. त्यापुढे बोट गेलं नाही.

बघितलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण त्या दुपारीही ती छताच्या भेगा बघतच न्हाली, पुरचुंडी न बघता बुचकळली, न बघता टांगली. बाहेर येऊन तिनं सासूला सांगितलं की उद्यापासून मी दुकानात बसणार नाही. दुकान गंगूला देऊन टाकू.

सरुबाईंनी कारण विचारलं. हात दुखतो, असं ती म्हणाली. सरुबाई आपले गुडघे दोन्ही हातांनी चोळत म्हणाल्या, "मी बसंन की. तू नको काळजी करू." ते ऐकून रेणुकाला आत जाऊन रडावंसं वाटलं, पण आतल्या खोलीत दीक्षा अभ्यास करत होती.

गुरुवारी सकाळी घरात सगळे होते. हिम्मतरावांची त्या आठवड्यात दुपारची पाळी, ते चहा घेत बसलेले. दीक्षा कॉलेजला निघायच्या गडबडीत. रेणुका खाली पाणी भरायला गेलेली. सरुबाई न्हाणीतून भिंतीला धरत बाहेर आल्या, त्या हातात पुरचुंडी घेऊन. चांगला डोळा त्यांनी तिच्यावर रोखला होता.

"बघ बाई, एवढी मटकी भिजू घातली आन् इसरली," त्या म्हणाल्या. "न्हाणीत कोण टांगतंय मोडाला? आन् वरून शिवून टाकली. लई हुशार झालीय आमची रेणुका."

विळी पुढ्यात होतीच. त्यांनी पुरचुंडी विळीवर धरली, टाका उसवला आणि सगळं ताटात ओतलं. ताटात मटकी नव्हती. फुगलेली, टरारलेली ज्वारी होती, आणि दाण्यादाण्याला अर्ध्या बोटाचे पांढरे कोंब. काही कोंब कापडातून आरपार गेले होते आणि उलटलेल्या बाहीवर काट्यांसारखे उभे होते. सरुबाई दाणा चिमटीत धरून चक्रावल्या. ज्वारीला मोड कोण आणतं, ज्वारीचा कोवळा कोंब गुरालासुद्धा बाधतो, असं काहीबाही त्या पुटपुटत होत्या. दीक्षानं ती बाही ओळखली. तिला एकदम सगळं कळलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. हिम्मतरावांना दीक्षाच्या तोंडाकडे बघून कळलं.

तेवढ्यात रेणुका घागर घेऊन दारात आली. तिनं ताट पाहिलं, बाही पाहिली, तिघांची तोंडं पाहिली. लाजेनं मरावं असा तो क्षण होता, आणि आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर ती मेलीही असती. पण तिची नजर त्या कोंबांवर खिळली होती. तिनं घागर खाली ठेवली, पुढे येऊन एक कोंब बोटानं दाबला. तो टोचला. कालच्यासारखाच टोचला.

"हेच का," ती म्हणाली. "हेच टोचत होतं का मला?"

आणि ती खाली बसून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि दोन्हींत मिळून तिनं सगळं सांगून टाकलं. स्पंज, पुरचुंडी, परकराखालचं वाळवण, आंबूस वास. ते परत आलंय असं समजून दुकान सोडायला निघाले होते, हेही सांगितलं. दीक्षानं तिला मिठी मारली आणि नाक ओढत म्हणाली, "मम्मी, सीरियसली, गूगल तरी करायचं होतं." हिम्मतराव उठले आणि बाहेर जाऊन कठड्याशी उभे राहिले. त्यांचा चहा तसाच राहिला.

सरुबाईंनी मात्र ताट बाजूला सारलं. "आत चल," त्या म्हणाल्या. "दाखव मला."

आतल्या खोलीत त्यांनी दार लोटलं. रेणुकानं हुक काढले आणि सवयीनं वर बघायला गेली. सरुबाईंना नीट दिसत नव्हतंच, त्यांनी हात पुढे केला. आठ महिने तिच्या वाट्याच्या भाकऱ्या थापलेला तो हात, पिठानं आणि तव्यानं खडबडीत झालेला. तो काखेपासून मधल्या हाडापर्यंत सावकाश गेला आणि सावकाश परत आला. ऑपरेशननंतर घरातल्या कुणाचा हात तिथं लागला नव्हता, तिचा स्वतःचासुद्धा एका बोटापलीकडे नाही.

"घामोळं हाय माय," सरुबाई म्हणाल्या. "लेकराला येतंय तसं. बाकी शिलाई एकदम सरळ हाय, आपल्या शेताच्या बांधावानी. चांगली हाय ती डाक्टरीण."

रेणुकानं खाली पाहिलं. व्रण डावीकडून उजवीकडे जात होता, थोडा खालून वर चढत. भोवती लाल पुरळ. तिनं मनात जे काही रचून ठेवलं होतं, त्यापेक्षा ते फारच साधं निघालं.

"वंगाळ दिसतंय का हो, आत्या?"

"मला काय दिसतंय, मी आंधळी," सरुबाई म्हणाल्या. मग आपला पदर सारखा करत हसल्या. "माझ्याकडं बघ. दोन्ही हायेत. सात लेकरं पिऊन गेली, आता रिकाम्या पिशव्या. दोन असून मी काय उजेड पाडलाय? तू जित्ती घरला आलीस. मला अजून काय पायजे?"

शुक्रवारी रेणुका दवाखान्यात जाऊन दाखवून आली, कारण सरुबाईंचा हात म्हणजे काही डॉक्टर नव्हे. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. घामोळं आणि ओलीचं पुरळ, दुसरं काही नाही. आठ दिवस काहीही आत घालायचं नाही, हवा लागू द्यायची, आणि तव्याच्या गरमीत तर पुढेही काही घालायचं नाही. ज्वारीचं ऐकून त्या हसल्या, मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या की हे आम्ही आधी विचारायला हवं होतं. रेणुका तिथून निघताना रांगेतल्या बायांकडे बघत चालली. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाचा एक खांदा वर उचललेला. आपण यातून बाहेर चाललोय, आपल्या पायानं, असं तिला वाटलं, आणि तिनं मनोमन सगळ्यांना हात जोडले. ज्यांनी कापलं त्यांना, ज्यांनी शिवलं त्यांना, आणि मागं तवा सांभाळणाऱ्या गंगूला.

रविवारी सकाळी हिम्मतराव अफझलगंजच्या बाजारात जाऊन येतो म्हणून निघाले. अफझलगंजला त्यांचं काय काम, हे कुणाला कळलं नाही. दुपारी परत आले ते कागदाची पुडी घेऊन. रेणुका कांदे निवडत होती, तिच्या शेजारी त्यांनी पुडी ठेवली आणि दोन पावलं मागं सरकून उभे राहिले.

पुडीत प्लास्टिकचे मणी होते. पांढरे, गुळगुळीत, ज्वारीच्या दाण्याएवढे. तिनं मूठ भरून पाहिली. दाणे बोटांतून ओघळले.

"याला मोड येत न्हाईत," हिम्मतराव म्हणाले.

एवढ्या मोठ्या बाजारात हा मुखदुर्बळ माणूस दुकानोदुकानी मणी हातात घेऊन बघत फिरला असेल, दुकानदारानं कशाला हवेत म्हणून विचारलं असेल आणि हा लाल झाला असेल, हे सगळं रेणुकाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "किती आणले?"

"पावशेर."

रेणुकानं मान वर केली. ज्वारी तिनं एकटीनं तोलली होती. वजन कुणाला सांगितलं नव्हतं. ताटात सांडली ती फुगून दुप्पट झालेली.

"पावशेर कुणी सांगितलं तुम्हाला?"

हिम्मतराव पंख्याकडे बघायला लागले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "एकवीस वर्षं झाली की लग्नाला," ते म्हणाले.

खाटेवर सरुबाई बसल्या होत्या. त्यांचे डोळे अधू, पण कान तिखट. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मोठ्यानं सांगून टाकलं, "मला काय बी ऐकू येत न्हाई आजकाल."

रेणुकानं पुडी पदराखाली घेतली. हा माणूस आपल्याकडे बघत नाही असं तिनं आठ महिने धरून ठेवलं होतं, आणि याच्या तळहाताला अजून सगळं पाठ होतं. त्या संध्याकाळी तिनं कपाटाच्या आरशावरच्या साड्या काढून घड्या घातल्या, आणि कपडे बदलताना दाराची कडी लावली नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर तिनं आधी पाट उचलला आणि रस्त्याकडे तोंड करून मांडला. गंगूनं बघितलं आणि चक्क गप्प राहिली. मणी घरी होते, बाहीच्या नव्या पुरचुंडीत. ते बुद्धजयंतीच्या दिवशी, विहारात जाताना पांढऱ्या साडीत घालायचे असं तिनं ठरवलं होतं. तव्यापाशी डॉक्टरीणबाईंची मनाई होती. म्हणून ती तशीच बसली होती, डावीकडे सपाट, पदर कमरेला खोचून. दोघी-तिघींनी बघितलं, एकीनं जरा जास्तच बघितलं. रेणुकाला घाम फुटला. मग पीठ हाताला लागलं आणि तिला बघणाऱ्यांकडे बघायला फुरसत राहिली नाही. डावा हात मोकळा फिरत होता, भाकरी परातीत गोल गोल सरकत होती.

बारा वाजता अंबाजी आले. त्यांनी दोन्ही भाकऱ्या घेतल्या, उजेडाकडे धरल्या, कडेनं बोट फिरवत पुरती चक्कर मारली. बोट कुठं अडलं नाही. त्यांनी रेणुकाकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, आणि पिशवी तशीच उघडी धरून ठेवली.

"बाई, आज तीन द्या," ते म्हणाले.

रेणुकानं पिठाचा तिसरा गोळा हातावर घेतला.